फ्रिजमधल्या किल्ल्या

१

विल्फ हार्बॉटल चरात पडला होता आणि दोन माणसं त्याच्याकडे बघून पुढे निघून गेली.

दोघंही आमच्याच युनिटची. विल्फच्या अंगावर अठराव्या शतकातल्या नोकराचा जरीचा कोट होता आणि डोक्यावर पांढरा टोप. आदल्या दिवशी आम्ही त्याच कुरणावर लढाई चित्रित केली होती आणि भुशाचे मुडदे अजून इकडेतिकडे पडलेले होते. त्यातलाच हा एक, असं त्या दोघांना वाटलं. तिसरी आली ती वेशभूषा खात्यातली. टोप भाड्याचा आहे, भिजला तर आपल्या पगारातून जाईल, म्हणून ती चरात उतरली. टोप उचलला तर त्याच्याखाली रक्त. माणसासाठी कोणी थांबलं नव्हतं, टोपासाठी थांबलं.

विल्फ निवृत्त बसचालक. सिनेमात गर्दीतली कामं करायचा. मागे भिंतीला टेकून पापणी न लववता उभं राहायचं, यात त्याचा हात धरणारा अख्ख्या यॉर्कशायरमध्ये कोणी नव्हता. चहाच्या सुट्टीत बायकोला फोन करायला तो फाटकाजवळच्या टेकाडावर जायचा. या इस्टेटीवर फोन लागतो तो फक्त तिथेच. त्या दिवशी शॉटमध्ये त्याचं काम नव्हतं, म्हणून तो जरा आधीच निघाला होता.

रुग्णवाहिकेतच तो गेला. डॉक्टरीण म्हणाली, "वेळेवर आणला असता तर वाचला असता." एवढं बोलून तिने हातमोजे काढले आणि आमच्या सगळ्यांकडे असं पाहिलं, की मला तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

मग पोलिसांनी स्वयंपाकघरामागच्या फरसबंदीवर उभ्या गाड्या तपासल्या. एका जुनाट निळ्या गाडीचा पुढचा दिवा फुटलेला होता आणि त्याच्या काचेत सोनेरी जरीचा धागा अडकला होता.

ती गाडी माझी.

२

मी अँब्रोज सेल्विक. पाचवा बॅरन थॉर्नलो. धंद्याने साउंड रेकॉर्डिस्ट.

हे दोन्ही एकत्र कसं, असं लोक विचारतात. पणजोबांच्या बापाने साबण विकून किताब मिळवला, आजोबांनी घोड्यांवर घर घालवलं, वडील उमरावांच्या सभागृहात तीस वर्षं झोपले. मला वारशात मिळालं ते नाव आणि सर्दी. नुसत्या नावावर पावही मिळत नाही, म्हणून मी कानावर हेडफोन चढवले. आता वंशपरंपरेने आलेल्या आम्हा मंडळींना सभागृहातूनही बाहेर काढलंय. बरं झालं. कोणीतरी झोपेतून उठवायलाच हवं होतं.

युनिट मला "मिलॉर्ड" म्हणतं, म्हणजे टोमणा मारायचा असेल तेव्हा. "मिलॉर्ड, जरा केबल उचला की, कंबर वाकवायला मुकुटाची परवानगी लागते का?" हे रियान बोलते. ती वेल्सची. गेली अकरा वर्षं माझा लांब दांड्याचा माइक तीच धरते. तिच्या तोंडी ते मला आवडतं.

सार्जंट ब्लेनीच्या तोंडी नाही आवडलं.

"माय लॉर्ड, आपल्याला फार मनस्ताप झाला असेल," तो म्हणाला आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"माझ्या गाडीने माणूस मेलाय. मला विचारा, मी कुठे होतो."

"ते सावकाश लिहून घेऊ, माय लॉर्ड."

"अहो, आत्ता विचारा! गाडी माझी, किल्ल्या माझ्या. संशय घ्या की माझ्यावर. तुमचं कामच आहे ते."

तो समजूतदारपणे हसला. म्हातारा मामा वाट्टेल ते बरळतो तेव्हा भाचे हसतात, तसा. "आपलं काय, माय लॉर्ड! आमच्याकडे एक व्यक्ती आहे. अंगणात गाडीत बसवून ठेवलीय तिला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण ती व्यक्ती कोण असणार ते मला त्याने नाव सांगण्याआधीच कळलं.

३

लुझ या घराची हाउसकीपर. फिलिपिन्सची. वय पन्नाशीचं आणि जीभ कातरीसारखी. तिचा व्हिसा मिसेस व्हॅनिंगच्या नोकरीला टांगलेला. नोकरी सुटली की देश सुटला, आणि इलोइलोला म्हाताऱ्या आईचं डायलिसिस सुटलं. हे मला तिने रडून सांगितलेलं नव्हतं. बटाटे सोलता सोलता सांगितलं होतं.

तिच्याविरुद्धचा पुरावा असा, की किल्ल्यांवर तिच्या बोटांचे ठसे सापडले. आम्ही तिच्या दारात गाड्या आडव्या लावायचो आणि ती शिव्या देत हलवायची, त्यामुळे तिला माझी गाडी चालवता येते हे सगळ्यांना माहीत. आणि किल्ल्या होत्या तिच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये.

फ्रिजचं सांगतो. फ्रिज घूं घूं करतो आणि तो आवाज माइकला चिकटतो. म्हणून चित्रीकरणाच्या घरात साउंडवाला आधी फ्रिज बंद करतो. आणि संध्याकाळी विसरतो. मग घरमालकाचं मटण नासतं, भांडणं होतात. यावर आमच्या धंद्याने एक उपाय शोधलाय. फ्रिज बंद केला की गाडीच्या किल्ल्या त्यात ठेवायच्या. किल्ल्यांशिवाय घरी जाता येत नाही. किल्ल्या काढायला दार उघडलं की एका हाताने किल्ल्या, दुसऱ्या हाताने भिंतीवरचं बटण. शिकाऊ पोराला आम्ही पहिल्या आठवड्यात हेच घोटून शिकवतो.

पहिल्या दिवशी लुझला माझ्या किल्ल्या लोण्याशेजारी दिसल्या तेव्हा ती कडाडली होती, "मिस्टर लॉर्ड, तुमच्या घरी आई नव्हती का?"

त्या दुपारी आम्ही भोजनगृहात भांडणाचा प्रसंग घेत होतो. शेवटचा टेक. मध्येच हेडफोनमध्ये घूं सुरू झालं. मी हात वर केला. दिग्दर्शिकेने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. टेक संपल्यावर म्हणाली, "सुंदर! आवाज नंतर साफ करू. चहा!" सगळे पुढच्या हिरवळीवर तंबूत गेले. मी चरफडत सामान आवरत बसलो. लुझनेच फ्रिज चालू केला असणार, असं मीही धरून चाललो. मीही.

आवरून स्वयंपाकघरात गेलो तर फ्रिज चालू आणि किल्ल्या आत, लोण्याशेजारी. मी त्या उचलल्या आणि पुढे काही विचार केला नाही.

आता अंगणात गेलो. लुझ पोलिसांच्या गाडीत मागच्या सीटवर ताठ बसली होती, एप्रनसकट.

"लुझ, फ्रिज तुम्ही चालू केला?"

"मी? मला तर तुमच्या लोकांनी हाकललं होतं. टेक चालू आहे, कपाट वाजवू नका, श्वास घेऊ नका. धुण्याच्या खोलीत जाऊन बसले. चादरी केल्या." तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "आणि मी फ्रिज उघडला असता ना, तर त्या घाणेरड्या किल्ल्या तुमच्या डोक्यावर आणून आपटल्या असत्या."

ब्लेनी म्हणाला, "अर्ध्या तासात हिला शहरात नेतो, माय लॉर्ड."

४

अर्ध्या तासात मला जेवढी माणसं गाठता आली तेवढी गाठली.

पहिला टोबायस क्रेल, आमचा नायक. गेल्या वर्षी दारू पिऊन गाडी चालवली म्हणून त्याचा परवाना गेलेला. अंगणापलीकडे गवतावर त्याची चाकांवरची खोली होती. तो पायजम्यात होता.

"सगळ्यांना वाटतं मीच केलं," तो म्हणाला. "मलाही तासभर तसंच वाटत होतं. मग आठवलं, मी झोपलो होतो."

"साक्षीदार?"

"घोरण्याला साक्षीदार ठेवत नाही रे मी. आणि किल्ल्या फ्रिजमध्ये असतात हे माहीत असूनसुद्धा, मिलॉर्ड, मी फ्रिज उघडला असता तर किल्ल्यांपर्यंत पोचलो असतो का? त्याआधी बिअर लागते."

मिसेस व्हॅनिंग वरच्या दिवाणखान्यात होत्या. नवऱ्याने गोदामं बांधून हे घर विकत घेतलं. आमच्या युनिटला त्यांनी घर दिलं ते एका अटीवर, की एक खरा लॉर्ड रोज त्यांच्या टेबलावर जेवेल. निर्मात्याने मला घेतलं ते माझ्या कानांसाठी, असं मी समजत होतो. पुडिंगच्या वेळी समजलं की मी भाड्याचा भाग आहे.

"लॉर्ड थॉर्नलो, काय हे! नवी बाई आता कुठून आणू? पुढच्या शनिवारी बिशप येताहेत."

"माणूस मेलाय, मॅडम."

"हो ना. आणि तोही आमच्या चरात."

तुम्ही कुठे होता, असं विचारलं तर म्हणाल्या, इथेच. स्वयंपाकघरात गेला होता का, तर त्यांनी असं पाहिलं जणू मी त्यांना कोळशाच्या खाणीत पाठवत होतो.

शेवटी डंकन प्राइडो, आमचा निर्माता. त्याचं कार्यालय स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोठीच्या खोलीत. गोड माणूस, असं सगळे म्हणतात. पाठीवर थाप मारतो. 'मीही तुमच्यातलाच, पाच वर्षं माइकचा दांडा धरलाय,' हे तो भेटल्या भेटल्या सांगतो. आणि पगारवाढ मागितली की पुन्हा सांगतो.

"भयंकर रे अँब्रोज," तो म्हणाला. "मी दिवसभर इथेच. लंडनला फोन लागेना, म्हणून नुसता कागद चिवडत बसलो. बिचारी बाई. घाबरली असेल, पळाली असेल. आपण तिच्यासाठी चांगला वकील बघू."

"तिने केलंय असं तू धरूनच चाललास?"

"मग काय तू केलंस?" तो हसला. त्याच्या तोंडाला दुपारच्या वाइनचा वास येत होता. पण दुपारी पैसेवाल्यांबरोबर जेवताना निर्माते पितातच, आणि माझ्याजवळ फक्त वास होता.

५

रियान ध्वनीच्या गाडीत माझी वाट बघत होती. "बस," ती म्हणाली. "तो नासलेला टेक पुन्हा ऐक. नायिकेचा आक्रोश खाली केलाय मी. मागचं ऐक."

हेडफोन चढवला. सूप ओतल्याचा आवाज. शिव्याशाप. मग एक बारीक खट्ट. लगेच घूं.

"बटण," मी म्हणालो.

"पुढे."

मागच्या दाराची कडी. आणि मग, अगदी तळाशी, दोनदा खोकून तिसऱ्यांदा सुरू होणारं इंजिन. आत्याचा खोकला ओळखावा तसं मी ते ओळखलं. त्या वेळी मी घूंवर इतका चिडलो होतो, की स्वतःची गाडी चोरीला जाताना मीच ध्वनिमुद्रित करत होतो आणि मला कळलं नाही.

"म्हणजे ज्याने बटण दाबलं त्यानेच किल्ल्या घेतल्या," मी म्हणालो.

"ते झालंच. आता काय ऐकू येत नाही ते सांग."

मी पुन्हा ऐकलं. भोजनगृहाची एक खिडकी उघडी होती. दिग्दर्शिकेला पडदे हलायला हवे होते. खिडकीबाहेर अंगण, आणि अंगणभर खडी. त्या खडीवरून मांजर गेलं तरी माझा माइक ऐकतो. टेक चालू असताना अंगण ओलांडायचं नाही, यावरून पहिल्या दिवसापासून मी सगळ्यांशी भांडलो होतो.

टेकच्या सुरुवातीपासून खट्टपर्यंत खडी एकदाही वाजली नव्हती.

"धुण्याच्या खोलीला एकच दार," रियान म्हणाली. "खडीवर उघडणारं."

मी हेडफोन काढला. "लुझ नाही."

"ते मला आधीच माहीत होतं. कोण, ते बोल."

"चोर किल्ल्या घेतो आणि पळतो, रियान. गाडी चोरायला आलेला माणूस फ्रिज कशाला चालू करेल?"

 ती वेल्श भाषेत एक शब्द बोलली. त्याचा अर्थ मी विचारला नाही.

६

मी ब्लेनीला म्हणालो, "तुम्ही मला नाही म्हणू शकत नाही, हे माझ्या लक्षात आलंय. तर माझं एक ऐका. सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलवा."

त्याने बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा मी किताबाचा फायदा घेतला आणि मला त्याची शिसारी आली.

फ्रिज मी बंद केला होता. ब्लेनीने आधीच वेगळ्या पिशवीत घातलेल्या माझ्या किल्ल्यांऐवजी रियानच्या किल्ल्या आत ठेवल्या होत्या.

"एकच विनंती," मी म्हणालो. "एकेकाने फ्रिजमधल्या किल्ल्या काढून मला द्यायच्या. मिसेस व्हॅनिंग?"

मिसेस व्हॅनिंगनी आधी भांड्यांचं कपाट उघडलं, मग कपबशांचं. तिसऱ्या खेपेला रियानने फ्रिज दाखवला. त्यांनी दोन बोटांनी किल्ल्या उचलल्या आणि दार उघडंच टाकून परत आल्या. दारं लावायला त्यांच्याकडे माणसं होती.

टोबायसने किल्ल्या दिल्या आणि बिअर घेतली. दार पायाने लावलं.

ब्लेनी म्हणाला, "मीही?" मी म्हटलं, तुम्हीही. त्याने किल्ल्या काढल्या, दार नीट लावलं, ओढून बघितलं.

"डंकन."

"काय पोरखेळ चाललाय, अँब्रोज? बाहेर सत्तर माणसं खोळंबली आहेत. एकेक तासाचा हिशोब मला द्यावा लागतो." बोलत बोलतच तो फ्रिजपाशी गेला, उजव्या हाताने किल्ल्या काढल्या, आणि माझ्याकडे बघून बोलतच राहिला. "तुला धक्का बसलाय, कबूल, पण..."

त्याचा डावा हात भिंतीवर गेला होता.

खट्ट. घूं.

रियानने डोळे मिटले. डंकनने स्वतःच्या हाताकडे बघितलं. तो हात दुसऱ्याच कोणाचा तरी असावा, तसं.

"ही सवय आहे," तो सावकाश म्हणाला. "प्रत्येक साउंडवाल्याला असते."

"प्रत्येक साउंडवाल्याला," मी म्हणालो. "आज दुपारी विल्फला उडवलं तेव्हा या घरात साउंडवाले तीन होते. मी यंत्रावर, रियान कॅमेऱ्यासमोर दांडा धरून, साठ माणसांच्या डोळ्यांदेखत. तिसरा तू."

ब्लेनी खाकरला. "माय लॉर्ड, पण बाईनेही बटण दाबलंच असतं. तिचं मटण आहे आत."

"दाबलं असतं. पण त्यासाठी तिला खडी तुडवत यावं लागलं असतं." मी त्याला टेक ऐकवला. दोनदा. दुसऱ्यांदा त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. "बटण दाबणारा आधीपासून घरात होता, स्वयंपाकघराच्या जवळ. कोठीच्या खोलीतून इथे सहा पावलं. डंकन, तुझी गाडी जनरेटरमागे अडकली होती, माझी दारात होती. परत आलास तेव्हा सगळे तंबूत चहा पीत होते, आणि मी घूंवर चरफडत सामान आपटत होतो. किल्ल्या होत्या तिथे ठेवल्यास. फ्रिज चालू आहे हे तुझ्या ध्यानातही आलं नाही, कारण तो तुझ्या हाताने चालू केला होता, तू नव्हे."

"गाडी घेऊन मी कुठे जाणार होतो?"

"तेच तुझा फोन सांगेल. मला म्हणालास, लंडनला फोन लागेना. सार्जंट, जरा बघा, लागला होता का."

डंकन फोन देईना. मग ब्लेनीने हात पुढे केला, आणि या वेळी त्या हातात नम्रता नव्हती. फोन लागला होता. टेकमधलं ते इंजिन सुरू झाल्यावर काही मिनिटांतच. पैसेवाल्यांशी बराच वेळ बोलणं झालेलं.

"तो वळणावर एकदम पुढे आला," डंकन म्हणाला. आवाज अजून गोडच होता. "मला वाटलं, पुतळा आहे. शपथेवर."

"पुतळे चालत नाहीत, डंकन!" मी ओरडलो. मी कधी ओरडत नाही. माझ्या धंद्यात ओरडणं पाप आहे. "त्याला उडवलंस आणि टेकाडावर जाऊन उभा राहिलास. या अख्ख्या इस्टेटीवर जिथे फोन लागतो त्या एकमेव जागी! हातात फोन होता! रुग्णवाहिकेचे तीन आकडे दाबायचे होते. ते सोडून तू लंडन लावलंस. आणि परत येऊन चहा प्यायलास. मी पाहिलं, दोन बिस्किटं खाल्लीस."

 फ्रिज तेवढा वाजत होता.

मग डंकन माझ्या कानाशी आला. "अँब्रोज, हे बघ. चित्रपट बंद पडला तर सत्तर घरांची चूल विझेल. बाईला आपण तिच्या देशात सुखाने पाठवू, आयुष्यभर पुरेल एवढं देऊन. तू शहाणा आहेस. आपली माणसं अशा गोष्टी घरात मिटवतात."

"आपली माणसं कोण रे?"

 बहुधा त्याला 'थॉर्नलो' म्हणायचं होतं, म्हणजे किताबवाले आणि त्यांचे दोस्त.

"आणि विल्फची बायको? ती आहे का तुझ्या या घरात?" मी विचारलं. "तिला फोन येणार होता दुपारी. ती अजून वाट बघत असेल, की कोणी सांगितलंय तिला? सार्जंट, सांगितलंय का कोणी?"

ब्लेनीने मान खाली घातली. कोणी सांगितलं नव्हतं. सगळे लुझमध्ये गुंतले होते.

७

विल्फच्या बायकोला ब्लेनीने स्वतः टेकाडावर जाऊन फोन केला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. पण सवय ही सवय. तो थेट माझ्याकडे आला.

"माय लॉर्ड, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी माफी मागतो."

"मला कसला त्रास झाला? माफी तिकडे मागा."

त्याने अंगणातल्या गाडीकडे पाहिलं. युनिट सगळं खडीवर जमलं होतं. डंकन मध्ये उभा होता, कोटाची बटणं लावून, जणू पारितोषिक घ्यायला निघाला आहे. मिसेस व्हॅनिंग पायरीवरून म्हणाल्या, "लुझ, आता आत ये बाई, चहाचं बघ." आणि ब्लेनी, देव त्याचं भलं करो, माझ्या कानात कुजबुजला, "मिस्टर प्राइडो पुढच्या सीटवर बसले तर चालेल ना, माय लॉर्ड? एवढी माणसं बघताहेत."

मी तोंड उघडलं. काय बोललो असतो ते छापण्यासारखं नव्हतं.

पण गाडीचं मागचं दार आतून उघडलं. लुझ उतरली. एप्रनच्या सुरकुत्या तिने हाताने सारख्या केल्या आणि त्याच हाताने दार धरून उभी राहिली. पाहुणे आले की उभी राहायची तशी, पाठ सरळ, नजर समोर.

"मागे," ती म्हणाली. "या साहेब. डोकं सांभाळा."

डंकन तिच्याकडे न बघता वाकला आणि आत बसला.

त्या घरात तिने बारा वर्षं शेकडो दारं लावली होती, कोणाला चाहूल लागू न देता. हे तिने आपटलं. आवाज कुरणापलीकडे जाऊन परत आला.